फार्नबरोचे काचेचे फुगे

फ्रॅक्चर मेकॅनिक्सचा, म्हणजे वस्तूंना चिरा जाऊन त्या कशा तुटतात याच्या शास्त्राचा, इतिहास बहुतेक जण जहाजांपासून सांगतात. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला ‘शेनेक्टडी’ हे कोरं करकरीत तेलवाहू जहाज धक्क्याला, शांत पाण्यात उभं असताना मधोमध तुटलं. मी मात्र मेकॅनिकलच्या मुलांना आधी इंग्लंडमधल्या फार्नबरोला नेतो. तिथल्या सरकारी विमान संशोधन संस्थेत ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ या तरुण इंजिनिअरने काच फोडून पाहिली होती.

अणूंमधल्या बंधांवरून हिशेब केला, तर काचेची जी ताकद निघते, तिच्या पासंगालाही प्रत्यक्षातली काच पुरत नाही. १९१३ मध्ये इंग्लिस या संशोधकाने दाखवलं होतं, की पत्र्यातल्या लंबगोल भोकाच्या टोकाशी ताण कित्येक पटींनी वाढतो. भोक जितकं चिंचोळं, तितका अधिक. पण चिरेचं टोक तर जवळजवळ शून्य त्रिज्येचं. मग ओरखडा उठलेली प्रत्येक बरणी हात लावताच फुटायला हवी! ग्रिफिथने टोकावरचा ताण बाजूला ठेवला आणि ऊर्जेचा जमाखर्च मांडला. चीर वाढली की दोन नवे पृष्ठभाग तयार होतात, हा खर्च. आजूबाजूची ताणलेली काच सैल पडून ऊर्जा सुटते, ही जमा. जमा वरचढ ठरली की चीर आपोआप धावत सुटते. केवढी स्वच्छ मांडणी!

पडताळ्यासाठी त्याने काचेचे पातळ फुगे आणि नळ्या घेतल्या. काच कापायच्या हिरकणीने त्यांवर चीर पाडली, तिची लांबी मोजली. चीर पाडताना काचेत राहिलेला ताण निघून जावा म्हणून त्या भट्टीत तापवल्या, मग आतून दाब देऊन फोडल्या. फुटतानाचा ताण आणि चिरेच्या लांबीचं वर्गमूळ यांचा गुणाकार दर वेळी जवळपास तोच आला. ‘काचेची ताकद किती?’ या प्रश्नाला चिरेची लांबी सांगितल्याशिवाय उत्तरच नाही, हे त्या फुग्यांनी सिद्ध केलं.

त्याने काचेचे तंतूही ओढले. सुमारे एक मिलिमीटर जाडीचा तंतू १७० मेगापास्कलच्या आसपास तुटला. तीन मायक्रॉनच्या जवळपासचा ३,४०० पर्यंत टिकला. जवळजवळ वीसपट! इतक्या बारीक तंतूत मोठी चीर मावणार कुठे?

या प्रयोगांवरचा त्याचा निबंध १९२० मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला, पण इमारती, पूल, जहाजं बांधणाऱ्यांनी तो काचेपुरता मानला. मला हे फार लागतं. पोलाद लवचिक, ते काचेसारखं फुटत नाही, अशी त्यांची खात्री होती. त्यात तथ्य होतं, पण अर्धंच. पोलादात चिरेच्या टोकाशी धातू आधी वाहतो, म्हणजे न तुटता कायमचा ताणला जातो, आणि पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा त्या वाहण्यातच खर्ची पडते. पुढे ओरोवान हा संशोधक आणि अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतला अर्विन यांनी ती ऊर्जा खर्चाच्या बाजूला मिळवली. ग्रिफिथच्या सूत्रातलं वर्गमूळ जागच्या जागी राहिलं.