मशीन आलं, माणसं कुठंयत?

एप्रिल २०२१. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात व्हेंटिलेटर आल्याची बातमी मीच दिली होती, फोटोसकट. पंधरा दिवसांनी गेलो तर मशीन कोपऱ्यात, वरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. सिस्टर म्हणाल्या, "दादा, चालवणार कोण? रात्रपाळीला मी एकटी अन् पेशंट बावीस." तेव्हापासून एक जुनी गोष्ट डोक्यात घोळतेय. थोडं लांबेल, पण वाचा.

१९५२ चा ऑगस्ट. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. पोलिओची भयानक साथ. साथरोगांच्या ब्लेगडाम हॉस्पिटलात ऐन भरात दिवसाला पन्नासपर्यंत पेशंट येत होते, त्यात लहान मुलं भरपूर. अनेकांचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले. आणि अख्ख्या हॉस्पिटलात श्वास देणारी यंत्रं किती? एक आयर्न लंग, म्हणजे माणूस आत झोपवायची लोखंडी टाकी, आणि छातीवर बसवायची सहा. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर घेतलेल्या ३१ पैकी २७ जण गेले.

मुख्य डॉक्टर लासेन. त्यांनी शेवटी ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. भूलवाल्याचं काम ऑपरेशन थिएटरात, वॉर्डात त्याला कोण विचारतंय, असा तो काळ. इब्सेननं सांगितलं, पेशंट मरतायत ते पुरेसा श्वास होत नाही म्हणून, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून ऑक्सिजन द्यायला सुरुवात केली. मरणाच्या दारातली पोर वाचली.

उपाय सापडला, पण खरी अडचण पुढेच होती. पिशवी दाबणारा हात थांबला की श्वास थांबला. दिवस-रात्र, आठवडेच्या आठवडे. एका वेळी ७० पेशंट अशा हातांवर जगत होते. एवढे हात आणायचे कुठून? मेडिकल कॉलेजातून. जवळपास १५०० विद्यार्थी पाळ्या लावून उशाशी बसले, डेंटलचेही होते त्यात. पिशवी दाबता दाबता मुलांना गोष्टी वाचून दाखवायचे. गळ्यात नळी, त्यामुळे मुलांना बोलता येत नव्हतं, डोळ्यांनी खुणा करायची. काही विद्यार्थ्यांच्या हाताखालीच पेशंट गेला. वीस-बावीस वर्षांची पोरं ती, कसं झोपत असतील? सगळ्यांचे मिळून सुमारे १ लाख ६५ हजार तास भरले. दहातले जवळजवळ नऊ मरत होते, ते प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

पुढं डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेननं कोपनहेगनच्याच दुसऱ्या हॉस्पिटलात वेगळा विभाग काढला, गंभीर पेशंट एका ठिकाणी, जवळ चोवीस तास माणूस. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून धरतात. १०८ च्या गाडीत असते ना, ती अँबू बॅगसुद्धा डेन्मार्कचीच, १९५६ ची.

म्हणजे आयसीयू जन्मालाच आला तो माणसांच्या जिवावर. आपण मात्र कोरोनात बेड मोजले, व्हेंटिलेटर मोजले. मीही तेच मोजले, कबूल करतो. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स लागते, हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं. ३ मे २०२१ ला केंद्रानं इंटर्न आणि शेवटच्या वर्षाचे एमबीबीएस विद्यार्थी कामाला घ्यायचं जाहीर केलं. डेन्मार्कची आठवण तेव्हाच झाली. फरक इतकाच, की तिथं साथ आटोपल्यावर कायमचा विभाग उभा राहिला. आमच्या दवाखान्यातल्या कंत्राटी सिस्टर लाट ओसरली तशा घरी बसवल्या. त्यातली एक आता बाजारपेठेत साड्यांच्या दुकानात आहे, परवाच भेटली.

दवाखान्यात मंजूर पदं किती, भरलेली किती आणि ती मशीन आज कुठे आहेत, असा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकलाय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. तोवर आपापल्या गावच्या दवाखान्यात रात्री किती सिस्टर असतात, ते खाली लिहा.