तेल कंपनीची झाडलोट आणि सर्वोच्च न्यायालय

चेंबूरहून माहुलकडे जाताना हिंदुस्थान पेट्रोलियमचा तेलशुद्धीकरण कारखाना लागतो. देशातील कंत्राटी कामगारविषयक कायद्याचा उगम शोधू लागल्यास तो याच आवारात सापडतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. १९५० च्या दशकात हा कारखाना अमेरिकी मालकीचा होता. आवाराची आणि संयंत्रांची रोजची साफसफाई कोणाच्या माणसांनी करावी, या वरकरणी किरकोळ प्रश्नावरून तेथे वाद उभा राहिला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या न्यायालयाने १९६० मध्ये दिलेल्या निकालातील कसोट्या पुढे दहा वर्षांनी संसदेने जवळजवळ जशाच्या तशा कायद्यात उतरविल्या.

कंपनीचे नाव होते स्टँडर्ड व्हॅक्युम रिफायनिंग कंपनी ऑफ इंडिया, बोलण्यात 'स्टॅनव्हॅक'. न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल आणि सोकोनी-व्हॅक्युम या दोन अमेरिकी कंपन्यांनी १९३३ मध्ये भागीदारीत उभारलेल्या उद्योगाची ती भारतीय शाखा. नोव्हेंबर १९५१ मध्ये भारत सरकारशी करार झाला आणि १९५४ मध्ये कारखाना सुरू झाला. शेजारचा बर्मा-शेलचा कारखाना पुढच्याच वर्षी चालू झाला. परकीय भांडवल यावे म्हणून सरकारने या कंपन्यांना भरघोस सवलती दिल्या होत्या. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, असे अभिवचनही त्यांत होते. मात्र देशाच्या कामगार कायद्यांतून त्यांना सूट नव्हती, आणि पुढे घडलेल्या प्रकरणाच्या दृष्टीने हेच महत्त्वाचे ठरले.

वाद काय होता?

कारखान्यातील साफसफाईचे काम कंपनीने वार्षिक कंत्राटावर एका ठेकेदाराला दिले होते. ठेकेदाराची माणसे रोज त्याच फाटकातून आत येत आणि त्याच आवारात राबत. कंपनीच्या कायम कामगारांना भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, हक्काची रजा, वैद्यकीय मदत, सवलतीचे जेवण मिळे. ठेकेदाराच्या माणसांना यातले काही मिळत नसे. कंत्राट वर्षाचे असल्याने नोकरीची शाश्वतीही नव्हती.

या प्रकरणाचे खरे वैशिष्ट्य असे की, वाद या सफाई कामगारांनी उपस्थित केलाच नाही. तो उपस्थित केला कंपनीच्या कायम कामगारांनी. ज्यांच्या पदरात सर्व सवलती होत्या, त्यांनी त्या नसलेल्यांची बाजू घेतली. कंत्राट पद्धत बंद करावी आणि ठेकेदाराच्या माणसांना कंपनीचे कामगार मानावे, अशी त्यांची मागणी होती. कामगार चळवळीच्या इतिहासात असे औदार्य सर्रास दिसत नाही. अर्थात त्यात स्वार्थाचा अंशही असू शकतो; आज झाडलोट ठेक्याने गेली, तर उद्या दुसरे काम जाईल, हे कोणत्याही जाणत्या कामगाराला कळते.

कंपनीने दोन आक्षेप घेतले. ही माणसे आमची नव्हेतच, तेव्हा आमच्या कामगारांचा त्यांच्याशी संबंध काय आणि हा 'औद्योगिक विवाद' ठरतो कसा, हा पहिला. आपला कारभार कोणत्या पद्धतीने चालवावा हे मालकाने ठरवायचे, त्यात न्यायाधिकरणासारख्या त्रयस्थाने ढवळाढवळ करू नये, हा दुसरा. औद्योगिक न्यायाधिकरणाने दोन्ही आक्षेप फेटाळले आणि सफाईच्या कामापुरती कंत्राट पद्धत बंद करण्याचा आदेश दिला. कंपनी अपिलात गेली.

निकाल

सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्र न्या. के. एन. वांच्छू यांनी लिहिले. पहिल्या आक्षेपाला उत्तर देताना त्यांनी १९५८ च्या दिमाकुची चहामळा खटल्यातील तत्त्वाचा आधार घेतला. ज्याच्या नोकरीशी कामगारांचे हितसंबंध प्रत्यक्ष जोडलेले आहेत, अशा माणसाबद्दलचा वाद कामगार उपस्थित करू शकतात, असे ते तत्त्व. एकाच आवारात, एकाच उद्योगासाठी राबणाऱ्या दोन गटांचे हितसंबंध वेगळे मानण्यास न्यायालय तयार झाले नाही.

दुसऱ्या आक्षेपावरील विवेचन अधिक मोलाचे आहे. सफाई हा तेल शुद्ध करण्याच्या प्रक्रियेचा भाग नसेल. पण तिच्यावाचून कारखाना चालत नाही. काम बारमाही आहे आणि ते दररोज करावेच लागते. पूर्णवेळ माणसे नेमता येतील एवढे ते पुरेसे आहे. इतर बहुतेक उद्योग ते आपल्या नियमित कामगारांकडूनच करून घेतात. काम अधूनमधून निघणारे, तात्पुरते किंवा अगदीच थोडे असते, तर गोष्ट वेगळी होती, हेही न्यायालयाने नमूद केले.

हा निकाल कंपनीच्या हेतूंवर ठपका ठेवणारा होता, असा समज होऊ शकतो. वस्तुतः तसे नव्हते. कंत्राट खरेखुरे होते, ते केवळ बुरखा नव्हते, हे न्यायालयाने मान्य केले. म्हणूनच सर्व माणसांना सरसकट सामावून घेण्याचा आदेश झाला नाही. किती माणसे घ्यावीत आणि कोणत्या अटींवर, हे कंपनीवर सोपविण्यात आले. निवड करताना आधीच्या ठेकेदाराच्या माणसांना प्राधान्य द्यावे, एवढेच बंधन राहिले. हेतू स्वच्छ असतानाही एखादी व्यवस्था अन्याय्य ठरू शकते, हा या निकालाचा गाभा आहे आणि मालकवर्गाला बोचला तोही हाच भाग.

याच कंपनीचा बोनसचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये त्याचा निकाल साताऱ्यात जन्मलेल्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी दिला. आमचे वेतन निर्वाह-वेतनाच्या पातळीला पोचले असल्याने बोनसचा प्रश्नच उरत नाही, हा कंपनीचा युक्तिवाद त्यांनी स्वीकारला नाही. निर्वाह-वेतनाची कल्पना स्थिर नसून विस्तारत जाणारी आहे, अशी त्यांची भूमिका होती.

परकीय कंपनीचा न्याय बाहेरच्यांनी करण्याची दुसरीही एक रीत पुढे रूढ झाली. शिवडीतील हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यासंबंधीच्या वादात आंतरराष्ट्रीय अन्नकामगार महासंघाने २००६ मध्ये युनिलिव्हरविरुद्ध ब्रिटनच्या 'राष्ट्रीय संपर्क केंद्रा'कडे दाद मागितली. बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी 'ओईसीडी' या संघटनेने १९७६ मध्ये केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी केंद्रे काम करतात. ती मध्यस्थी करतात, निवेदन काढतात. आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. चेंबूरच्या प्रकरणात न्यायाधिकरणाचा शब्द कंपनीवर बंधनकारक होता.

कायद्याचा प्रवास

कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम १९७० मध्ये झाला. कंत्राट पद्धतीवर बंदी घालताना सरकारने काय पाहावे, हे त्याच्या दहाव्या कलमात सांगितले आहे: काम उद्योगाला आवश्यक आहे का, बारमाही आहे का, एरवी नियमित कामगार ते करतात का, पूर्णवेळ माणसांना पुरेल एवढे आहे का. १९६० च्या निकालपत्राशी हे शब्द ताडून पाहावेत! मात्र बंदी घालण्याचा अधिकार आता सरकारच्या हाती गेला. न्यायाधिकरणाला तो राहिला नाही, हे १९७१ च्या व्हेजऑइल्स खटल्यात स्पष्ट झाले. कामगारांनी एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने काही अंशी गमावले, असे म्हणावे लागते.

केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ च्या अधिसूचनेने आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींतील झाडलोट, सफाई व पहाऱ्याच्या कामांत कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई केली. तिच्या आधारे १९९६ मध्ये एअर इंडिया खटल्यात, बंदी लागू होताच कंत्राटी कामगार आपोआप कायम ठरतात, असा निकाल लागला. तो पाचच वर्षे टिकला. ३० ऑगस्ट २००१ रोजी पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने तो फिरविला आणि ती अधिसूचनाही रद्द केली. कंत्राट खरे असल्यास नव्या भरतीत जुन्या कंत्राटी कामगारांना प्राधान्य मिळावे, एवढे शिल्लक राहिले. हे प्राधान्य मूळचे १९६० चे.

दरम्यान चेंबूरच्या कारखान्याचे मालक बदलले होते. १९६२ मध्ये स्टॅनव्हॅकची विभागणी होऊन तो 'एस्सो'कडे आला आणि १९७४ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियमच्या स्थापनेबरोबर सार्वजनिक क्षेत्रात दाखल झाला.

१९७० च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यात कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर गेली. आस्थापनेच्या 'गाभ्याच्या' कामात कंत्राटी कामगार नेमण्यास, काही अपवाद वगळता, मनाई आहे. पण कोणती कामे गाभ्याची मानू नयेत याची यादीही संहितेने दिली आहे. तिच्यात पहिलेच नाव झाडलोट, सफाई व कचरा उचलण्याचे आहे. पहारा, उपाहारगृह, माल चढविणे-उतरविणे ही कामे त्यानंतर येतात. आस्थापनाच त्या कामासाठी स्थापन झालेली असेल, तरच ही कामे गाभ्याची ठरतील. एखादे काम गाभ्याचे आहे की नाही, असा प्रश्न उद्भवल्यास त्याचा निर्णय सरकार घेणार असून, सल्ल्यासाठी सरकारला पदनिर्देशित प्राधिकारी नेमता येईल.