बिनतारीचे पारखी

बैल घ्यावयास बाजाराला निघालेला शेतकरी शहाणा असेल तर एकटा जात नाही. दात पाहून वय सांगणारा, चाल पाहून खोड ओळखणारा एखादा जाणता माणूस तो सोबत नेतो. या जाणत्याचे पथ्य एकच: त्याने स्वतः त्या बाजारात बैल विकावयास आणलेला नसावा. यंत्रे खरेदी करणाऱ्या सरकारी खात्यांनाही असा जाणता लागतो. परंतु इतिहासाच्या पुस्तकांत त्याची गाठ क्वचितच पडते. शोध लावणाऱ्याचे चरित्र लिहिले जाते, कारखानदाराचा पुतळा उभा राहतो, आणि ‘हे यंत्र तुमच्या कामाचे नाही, ते घ्या, मनोरा या टेकडीवर नको, पलीकडच्या टेकडीवर उभारा’ असे सांगणारा मनुष्य फायलींत पडून राहतो. अमेरिकेतील पोलिसांच्या आणि अग्निशामक दलांच्या बिनतारी यंत्रणेचा इतिहास वाचताना हा मनुष्य मला वारंवार भेटला. त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे असे मला वाटते.

आपल्याकडे ‘वायरलेस’ म्हटले की डोळ्यांपुढे पोलिसांची गाडी येते. गाणे ऐकण्याचा तो रेडिओ, आणि पोलिसांचे ते वायरलेस, अशी आपण वाटणीच करून टाकली आहे. अमेरिकेत मात्र पोलिसांच्या बिनतारीला आरंभी गाण्याच्याच कुबड्या घेऊन चालावे लागले. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. मोटारी जशा सभ्य गृहस्थांना मिळाल्या तशा दरोडेखोरांनाही मिळाल्या, आणि नाक्यावरच्या टेलिफोनशी बांधलेला पोलीस त्यांच्यापुढे लंगडा ठरू लागला. म्हणून १९२१ पासून तेथील पोलीस खात्याने गाड्यांत रेडिओ बसविण्याचे प्रयोग आरंभिले. आयुक्त विल्यम रटलेज यांनी ते नेटाने चालू ठेवले. पण परवाना देणाऱ्या सरकारपाशी ‘पोलीस’ नावाचा रकानाच नव्हता. केंद्राला परवाना मिळाला तो करमणुकीच्या केंद्राचा. तेव्हा चोरीच्या मोटारीचे वर्णन सांगावयाचे तर मध्ये मध्ये संगीतही वाजवावे लागे! कायदा यंत्राच्या मागून चालतो, हा अनुभव काही आपल्याच देशाचा नव्हे.

त्याहून मोठी अडचण खड्ड्यांची होती. त्या काळचा रेडिओ म्हणजे काचेच्या नळ्यांचा नाजूक संसार. दिवाणखान्यात तो सुखाने नांदे, धावत्या गाडीत त्याचे काही चालेना. खात्यातील केनेथ कॉक्स आणि रॉबर्ट बॅट्स या मंडळींनी चिकाटीने टिकाऊ संच जुळविला, आणि ७ एप्रिल १९२८ रोजी डेट्रॉइट पोलिसांची नियमित बिनतारी सेवा सुरू झाली. प्रयोगाला सात वर्षे लागली होती. तीही सेवा एकतर्फी. मुख्यालय बोले, गाडी ऐके. निरोप पोचला की नाही हे कळावयास शिपायाने खाली उतरून टेलिफोन गाठावा, हाच मार्ग. त्यामुळे एकच निरोप पुन्हा पुन्हा उच्चारावा लागे. गाडीलाही वाचा फुटली ती १९३३ साली, न्यू जर्सीतील बेयॉन या लहानशा शहरात. फ्रँक गुंथर हे अभियंते आणि केंद्र चालविणारे व्हिन्सेंट डॉइल, या दोघांनी गाड्यांत प्रक्षेपकही बसविले.

वाचा फुटली खरी, पण बोलणे समजेना. मोटारीच्या इंजिनात ठिणगी पडते, आणि प्रत्येक ठिणगी हीच एक बारीकशी बिनतारी लहर असते. वरून ढगांतील विजा. त्या काळच्या पद्धतीत आवाजाप्रमाणे लहरीचा जोर कमीअधिक करीत असत. समजा, रात्री दूरवरच्या माणसाला दिव्याची ज्योत लहानमोठी करून खुणा करावयाच्या आहेत. वारा सुटला की तोही ज्योत लहानमोठी करणार. मग खूण कोणती आणि वारा कोणता? यावर मेजर एडविन आर्मस्ट्राँग यांनी तोड काढली ती अशी की, ज्योत तेवढीच ठेवावी आणि तिचा रंग बदलावा. वारा ज्योत हलवील, पण तांबड्याचा हिरवा करणार नाही. लहरीचा जोर कायम ठेवून तिची कंपनसंख्या आवाजाप्रमाणे बदलण्याची ही पद्धत म्हणजेच आज सर्वांच्या तोंडी असलेले एफ. एम. कल्पना जुनीच होती. जॉन कार्सन या गणितज्ञ अभियंत्याने १९२२ साली तिच्यात काही लाभ नाही असा निर्वाळाही देऊन टाकला होता. त्याचे गणित अरुंद पट्ट्यापुरते खरे होते. आर्मस्ट्राँगने पट्टा भरपूर रुंद केला आणि खरखर नाहीशी केली. त्याची पेटंटे २६ डिसेंबर १९३३ ची. न्यू यॉर्कला अभियंत्यांच्या सभेपुढे त्याने ते करून दाखविले ५ नोव्हेंबर १९३५ रोजी.

रेडिओचे मोठे कारखानदार या नव्या पद्धतीविषयी थंड होते. जुन्या पद्धतीत त्यांचे भांडवल गुंतलेले, घरोघरी तेच संच. अशा वेळी खरी कसोटी लागते ती खरेदीदाराची. पोलीस आयुक्ताला कंपनसंख्या म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ज्याला ठाऊक आहे त्याच्या गोदामात जुना माल पडलेला.

कनेक्टिकट हे राज्य आपल्या पुणे जिल्ह्याहूनही थोडे लहान, पण चढउतारांचे. तेथील राज्य पोलिसांचे आयुक्त एडवर्ड हिकी यांना राज्यभर चालेल अशी दुतर्फा यंत्रणा हवी होती. राज्याच्याच महाविद्यालयात, स्टॉर्स या गावी, डॅनियल नोबल नावाचे प्राध्यापक शिकवीत असत. जन्म १९०१, गाव नॉगाटक, म्हणजे त्याच मातीतला माणूस. मेरिडेनजवळच्या वेस्ट पीक या डोंगरमाथ्यावर उभ्या राहिलेल्या एका नव्या एफ. एम. केंद्राच्या कामी त्यांचा सल्ला चालू होता. तेव्हा ही पद्धत त्यांनी पुस्तकात नव्हे, डोंगरावर पाहिली होती. हिकींनी त्यांना गाठले.

सल्लागाराचे काम म्हणजे खुर्चीत बसून मत देणे, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. या कामाचा मोठा भाग पायपिटीचा असतो. कोणत्या टेकडीवरून कोणते खोरे दिसते, कोठे डोंगराची सावली पडते, कोणत्या वळणावर गाडीतला आवाज बुडतो, हे नकाशावर अर्धेच कळते. उरलेले अर्धे मोजणीचे यंत्र घेऊन रस्त्यावर फिरल्याशिवाय कळत नाही. पुढे कंपनसंख्या ठरवावयाच्या, त्या शेजारच्या राज्याच्या आड येणार नाहीत असे पाहावयाचे, सरकारदरबारी परवाना मिळवावयाचा. मग मागणीपत्र लिहावयाचे, आणि ते असे की कारखानदाराला त्यातून पळवाट सापडू नये. सरतेशेवटी माल आला म्हणजे तो कागदाबरहुकूम चालतो की नाही हे तपासून मगच बिलावर सही करावयाची. यातील एकही काम पुतळा उभारण्याच्या योग्यतेचे नाही.

नोबल यांनी एफ. एम. निवडले. संच बांधले फ्रेड लिंक यांच्या कंपनीच्या अभियंत्यांनी. १९४० साली हार्टफर्ड येथून ही राज्यव्यापी यंत्रणा चालू झाली आणि इंजिनाच्या ठिणगीचा त्रास पार ओसरला. आणखी एक गुण उपयोगी पडला. एकाच कंपनसंख्येवर दोन केंद्रे एकदम बोलू लागली, तर जुन्या पद्धतीत दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून शिट्ट्या वाजत, एफ. एम.चा ग्राहक मात्र जे केंद्र जोरकस असेल तेवढेच धरतो, दुसऱ्याला जणू ऐकूच येत नाही. कंपनसंख्यांची टंचाई असलेल्या खात्याला हा केवढा आधार! थोड्याच वर्षांत देशभरच्या पोलिसांनी हीच पद्धत उचलली. त्यापूर्वी मोठ्या कारखानदारांनी नाके मुरडली होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे एका प्राध्यापकाच्या शिफारसपत्राचे वजन कळते.

आता या कथेतील अवघड भाग. त्याच १९४० साली नोबल शिकागोच्या गॅल्विन कंपनीत गेले. तिचेच नाव पुढे, १९४७ साली, मोटोरोला झाले. तेथे त्यांनी मोठे काम केले, यात वाद नाही. महायुद्धात सैनिकांच्या पाठीवरचा जो एफ. एम. संच गाजला तो त्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाला. त्याचा मुख्य आराखडा हेन्रिक माग्नुस्की या पोलंडमधून आलेल्या अभियंत्याचा. १९४९ मध्ये फीनिक्सला अर्धसंवाहकांची प्रयोगशाळा निघाली तीही नोबल यांच्याच पुढाकाराने. आणि आर्मस्ट्राँग? युद्धकाळात त्याने आपल्या पेटंटांचा मोबदला सैन्याला माफ केला. युद्धानंतर कारखानदारांशी कज्जे लढता लढता तो खचला, आणि ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री न्यू यॉर्कमधील आपल्या उंच घराच्या खिडकीतून उडी टाकून त्याने जीव दिला. त्याच्या पत्नीने, मॅरियनने, कज्जे सोडले नाहीत. शेवटचा निकाल १९६७ साली तिच्या बाजूने लागला. प्रतिवादी होती मोटोरोला.

नोबल यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. विद्या असलेल्या माणसाने प्रयोगशाळा, पैसा आणि माणसे मिळतील तेथे जावे, हे स्वाभाविकच आहे. पण बाजारातला जाणता बैल विकणाऱ्याच्या रांगेत जाऊन बसला म्हणजे शेतकऱ्याशेजारची जागा रिकामी पडते, एवढे तरी मान्य केले पाहिजे. ती जागा विक्रेता आनंदाने भरून काढतो. आराखडा फुकट, मोजणी फुकट, मागणीपत्राचा मसुदादेखील फुकट! फुकटाची ही किंमत खात्याला पुढे कित्येक वर्षे सुट्या भागांच्या रूपाने चुकवावी लागते. स्वतंत्र सल्लागाराला मोबदला द्यावा लागतो, म्हणून तो महाग वाटतो. हिशेबनीसांना हे कोण सांगणार?

जागा रिकामी राहिली म्हणजे नुकसान पैशाचेच होते असे नाही. १९९३ साली न्यू यॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बाँबस्फोट झाला तेव्हा त्या उत्तुंग इमारतींत अग्निशामकांचे हातसंच वरच्या मजल्यांपर्यंत पोचत नाहीत हे उघड झाले. मग इमारतीच्या मालक संस्थेने स्वखर्चाने एक पुनःप्रक्षेपक बसविला. क्षीण आवाज झेलून तो जोरात पुढे पाठवावयाचा, हे त्याचे काम. यंत्र चांगले होते. ते चालू करण्यास मात्र दोन बटणे दाबावी लागत. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावर पहिले बटण दाबले गेले, दुसरे राहून गेले. पहिल्या बटणाने यंत्र जागे झाले होते. पण तेथील मुख्य श्रवणसंचाला बोलता यावे म्हणून दुसरे हवे होते. नऊ वाजून पाच मिनिटांनी अधिकाऱ्यांनी त्या संचावरून बोलून पाहिले, उत्तर आले नाही, आणि यंत्र बिघडले आहे असे समजून उत्तर मनोऱ्यात त्याचा उपयोग सोडून देण्यात आला. दक्षिण मनोऱ्यात चढलेल्या एका अधिकाऱ्याला तेच यंत्र नीट चालताना आढळले.

चौकशी आयोगाने हे सारे मिनिटांच्या हिशेबाने नोंदविले आहे. त्या दिवशी ३४३ अग्निशामक मरण पावले. ते एका बटणापायी गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि आयोगही तसे म्हणत नाही. कित्येकांजवळ संचच नव्हते. काहींनी परत फिरण्याचा हुकूम ऐकला, पण अडकलेल्यांना सोडून ते निघाले नाहीत. एकाच वाहिनीवर इतके लोक बोलत होते की कोणाचेच धड ऐकू येईना. शिवाय पोलिसांची हेलिकॉप्टरे वरून जे पाहत होती ते अग्निशामकांच्या कानी जाण्याची सोय नव्हती. दोन खात्यांच्या दोन यंत्रणा, एकमेकींस मुक्या. तरीही दुसऱ्या बटणाचा विचार मनातून जात नाही. ज्याला धुरात, घाईत, हातमोजे घालून ते दाबावयाचे आहे त्याच्या हाताचा विचार आराखडा करतानाच कोणीतरी करावयास हवा होता. विक्रेता विचारतो, यंत्र चालते काय? माणसाला ते चालविता येईल काय, हा प्रश्न शेतकऱ्याशेजारच्या माणसाचा.

यानंतर अमेरिकेत पुष्कळ हालचाल झाली. २०१२ साली साऱ्या देशातील संकटनिवारक दलांसाठी एकच विस्तृत जाळे उभारण्याचा कायदा झाला. १ जानेवारी २०१३ पासून जुन्या पट्ट्यांतील संचांना पूर्वीच्या निम्म्या रुंदीत बोलण्याची सक्ती आली. रुंद पट्टा हेच ज्या आर्मस्ट्राँगचे ब्रीद, त्याच्या वारसांना अखेर जागेच्या टंचाईने पट्टा अरुंद करावयास लावले, हाही एक दैवाचा खेळच. त्या निमित्ताने खेड्याखेड्यांतल्या अग्निशामक चौक्यांना, शाळांच्या बसगाड्यांना, काँक्रीटच्या मालमोटारी चालविणाऱ्या धंदेवाल्यांनाही सल्लागाराचे दार ठोठवावे लागले. न्यू यॉर्कने २०१४ च्या बांधकाम-संहितेत उंच इमारतींना अग्निशामकांची बिनतारी सोय बंधनकारक केली.

अमेरिकेतील अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या अग्निसंहितेत अशा सोयीची परीक्षा कशी घ्यावी हे सांगितले आहे. प्रत्येक मजल्याच्या नकाशाचे साधारण सारखे असे वीस चौकोन पाडावयाचे. मग संच हाती घेऊन एका माणसाने प्रत्येक चौकोनात जाऊन उभे राहावयाचे, मोजावयाचे, बोलावयाचे आणि ऐकावयाचे. तळघरात, जिन्यात, पंपाच्या खोलीतसुद्धा. चाळीस मजल्यांची इमारत असेल तर आठशे चौकोन होतात. एकेका चौकोनापुढे आकडा मांडीत तो माणूस खालून वर जातो, आणि सगळे आकडे भरून झाल्याशिवाय कागदावर सही करीत नाही.