पेव, पोते आणि फॉस्फीन

वऱ्हाडातील जो मुलूख १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, त्याचा आग्नेय भाग १८६४ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या प्रदेशाला १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळाले. ज्वारी हे येथील मुख्य अन्न असल्याने, आणि अवर्षणाची धास्ती कायम असल्याने, ती टिकवण्याच्या रीतीही येथे पक्क्या झालेल्या होत्या. रोजच्या वापराचे धान्य शेणमातीने लिंपलेल्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवत. मोठा साठा मात्र पेवात, म्हणजे पाणी न साचणाऱ्या उंच जागी खणलेल्या खोल खड्ड्यात, तळाला व कडेने कडबा लावून भरला जाई आणि त्याचे तोंड मातीने बंद केले जाई.

बंद पेवात धान्य आणि त्यातील किडे श्वसनाने प्राणवायू संपवत, कार्बन डायऑक्साइड साचत जाई आणि किडीची वाढ आपोआप थांबे. हीच हवा माणसालाही घातक असल्याने पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड काही काळ उघडे ठेवून आतली हवा जाऊ देत. किडीवरचा इलाज येथे धान्यात मिसळलेला नसून जागेच्या बंदिस्तपणात होता.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला आलेला भाव आणि त्यानंतर वऱ्हाडभर पसरलेले रेल्वेचे जाळे यांमुळे शेती बाजाराशी जोडली गेली आणि धान्यही पोत्यांतून हिंडू लागले. तागाच्या पोत्यातून हवा जशी खेळते तशी कीडही शिरते, आणि एका गावची कीड पोत्याबरोबर दुसऱ्या गावी पोहोचते. स्वातंत्र्यानंतर, यवतमाळ द्विभाषिक मुंबई राज्यात असताना, १९५७ मध्ये राज्य वखार महामंडळ स्थापन झाले. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आले. पंजाब-हरियाणाचा गहू रेशनच्या वाटेने दूरवर जाऊ लागला आणि गोदामांत पोत्यांच्या उंच थप्प्या लागल्या.

या थप्प्यांसाठी धुरीचे औषध म्हणून अॅल्युमिनियम फॉस्फाइड रूढ झाले. त्याची तीन ग्रॅमची गोळी हवेतील ओलाव्याने फुटून सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. थप्पीवर धुरीचे आच्छादन टाकून, त्याच्या कडा जमिनीलगत वाळूच्या लांबट पिशव्यांनी दाबून, वायू काही दिवस कोंडून ठेवावा लागतो. कारण अंडी आणि कोष अळीपेक्षा चिवट असतात आणि थोड्या वेळच्या धुरीतून वाचतात. आच्छादन फाटके असेल, कडा सुटल्या असतील किंवा ते लवकर काढले, तर वायू विरळ होतो, दुबळे किडे मरतात आणि सहन करू शकणारे तेवढे पिढी वाढवतात. यालाच प्रतिकारशक्तीची निवड म्हणतात. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला दाद देईनाशी झाल्याचे पाहिलेल्या यवतमाळच्या शेतकऱ्याला हा क्रम अनोळखी नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७२-७३ मध्ये केलेल्या जागतिक पाहणीत तपासलेल्या किडींच्या नमुन्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांत फॉस्फीनविरोधी प्रतिकार आढळला होता. १९८३ मध्ये बांगलादेशातील गोदामांतून, सदोष धुरी आणि प्रबळ प्रतिकार हातात हात घालून चालतात, असा अहवाल आला. पुढे २०१२ मध्ये या प्रतिकाराशी संबंधित एक जनुक ओळखले गेले. पेशीतील ऊर्जानिर्मितीत भाग घेणारे एक विकर त्यातून घडते, आणि त्यातील बदल दाणे पोखरणारा छोटा भुंगेरा व पिठातील तांबडा भुंगेरा या दोन्हींच्या भारतीय नमुन्यांतही सापडले. मिथिल ब्रोमाइड हा दुसरा प्रभावी वायू ओझोनला घातक ठरल्याने मॉन्ट्रियल कराराखाली त्याचा सर्वसाधारण वापर बंद होत गेला, त्यामुळे फॉस्फीनवरचा भार वाढला.

अशा स्थितीत मात्रा वाढवत नेण्याचा मोह होतो. पण गळक्या आच्छादनाखाली वाढीव गोळ्यांचा वायूही निसटतोच, आणि तो माणसासाठी जीवघेणा असतो. म्हणून आज कोंडलेल्या वायूचे प्रमाण मोजणे, मुदत पुरी करणे आणि हवाबंद पिशव्या वापरणे यांवर भर दिला जातो. यांपैकी हवाबंद पिशवीचे तत्त्व पेवाचेच आहे. पोत्याने व्यापाराची सोय केली, पण बंदिस्तपणाचे काम एकट्या गोळीवर टाकले. प्रतिकारक्षम किडींचा इतिहास बऱ्याच अंशी या अदलाबदलीचाच इतिहास ठरतो.