नागपूरचा ठराव आणि दिल्लीचा हात

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटावर बसायचे, ही आपली जुनी रीत. तेव्हा कथा, कविता आणि व्यंगचित्रे यांच्या पंगतीत जमीन, सरकार आणि शेतकरी यांच्याविषयीचा एक लेख वाचकांपुढे ठेवला, तर ते त्यास कारीट समजून क्षमा करतील अशी आशा आहे.

गोष्ट नागपूरची आहे. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचे चौसष्टावे अधिवेशन या शहरात भरले. अधिवेशनाच्या नगरास नरकेसरी अभ्यंकरांचे नाव दिले होते. अध्यक्षस्थानी उच्छंगराय ढेबर होते. नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन नवे नव्हते. डिसेंबर १९२० मध्ये याच शहरात गांधीजींच्या असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले होते. अडतीस वर्षांपूर्वी असहकार, आणि आता सहकार! योगायोगाने अक्षर एकच गळले. पण त्या एका अक्षराच्या मागे केवढी उलथापालथ होती. १९२० साली सरकार परके होते आणि त्याच्याशी संबंध तोडणे हे देशकार्य होते. १९५९ साली सरकार आपले होते, आणि त्याने आपल्यासाठी काय काय करावे हा प्रश्न होता.

शहर मात्र त्या वेळी काहीसे खट्टू होते. जवळजवळ शंभर वर्षे मध्य प्रांताची राजधानी म्हणून मिरवलेले नागपूर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि सचिवालय, मंत्र्यांचे बंगले, हायकोर्टाचे स्वतंत्र नाव, सारे एका फटक्यात गेले. अशा गावी दिल्लीचे सारे मंत्रिमंडळ येऊन उतरले, तेव्हा लोकांनी गर्दी केली यात नवल नाही.

ठरावात तीन गोष्टी मुख्य होत्या. पहिली, कमाल जमीनधारणेचे कायदे सर्व राज्यांनी १९५९ अखेरपर्यंत पुरे करावेत आणि जास्तीची जमीन ग्रामपंचायतींकडे द्यावी. दुसरी, तीन वर्षांच्या आत देशभर सेवा सहकारी संस्था उभ्या कराव्यात. त्यांनी शेतकऱ्यास कर्ज, बी-बियाणे, खत पुरवावे. आणि तिसरी, जिच्यावरून पुढे रण माजले ती : भावी शेतीचे स्वरूप संयुक्त सहकारी शेतीचे असावे. जमिनी एकत्र कसायच्या, मालकी ज्याची त्याची राहायची, मालकास जमिनीच्या प्रमाणात वाटा मिळायचा, आणि जो राबेल त्यास, मग त्याच्या नावे जमीन असो वा नसो, कामाच्या प्रमाणात वाटा मिळायचा.

हे शेवटचे वाक्य मला त्या सर्व ठरावात महत्त्वाचे वाटते. त्यावर चर्चा मात्र सर्वांत कमी झाली.

आता पंचाईत अशी की, ठराव करणारा पक्ष एक, योजना आखणारे केंद्र सरकार दुसरे आणि कायदा करण्याचा अधिकार तिसऱ्याच्याच हाती. आपल्या राज्यघटनेत जमीन हा विषय राज्यांच्या यादीत आहे. सहकारी संस्थाही त्याच यादीत आहेत. (पुढे २०११ साली संसदेने ९७ वी घटनादुरुस्ती करून सहकारी संस्थांविषयी नियम घातले, राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतली नव्हती म्हणून, राज्यांतील संस्थांपुरता तो भाग सुप्रीम कोर्टाने २०२१ साली रद्दबातल ठरविला.) मार्च १९५० मध्ये स्थापन झालेल्या नियोजन मंडळाचा घटनेत उल्लेखसुद्धा नव्हता. त्याच्याकडे कायद्याचा हात नव्हता, पण थैलीचे तोंड त्याच्या हाती होते. राज्याने योजना स्वीकारली तर अनुदान, नाही तर नाही. या एका दोरीवर पंचवार्षिक योजनांचा सारा गाडा चालला, आणि २०१५ साली मंडळाच्या जागी नीती आयोग येईपर्यंत मुख्यमंत्री दिल्लीच्या वाऱ्या करीतच राहिले.

हा तिढा आधीच ओळखणारा एक माणूस होता. डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना जुलै १९४२ मध्ये नागपुरासच झाली. त्या फेडरेशनच्या वतीने १९४७ साली घटना समितीसाठी त्यांनी जे निवेदन लिहिले, त्यात शेती हा सरकारी उद्योग करावा असे स्पष्ट म्हटले होते. जमीन सरकारने रोखे देऊन विकत घ्यावी, गावकऱ्यांस जातपात न पाहता कसायला द्यावी, नांगर, बैल, बी, खत, पाणी सरकारने पुरवावे; जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको. एवढेच नव्हे, तर ही व्यवस्था घटनेतच लिहून ठेवावी, म्हणजे आज आलेले बहुमत उद्या ती मोडू शकणार नाही, असा त्यांचा आग्रह होता.

आणि तेच आंबेडकर नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत उभे राहून के. टी. शहा यांच्या उपसूचनेस विरोध करताना दिसतात. देश 'समाजवादी' असे घटनेत लिहा, असे शहांचे म्हणणे. समाजाची घडी कशी असावी हे लोकांनी काळ पाहून ठरवावे, ते घटनेत बांधून टाकू नये, हे आंबेडकरांचे उत्तर. ही विसंगती दाखवून पुष्कळांनी आनंद मानला आहे. मला ती तेवढी मोठी वाटत नाही. त्याच उत्तरात त्यांनी मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखविले होते : संपत्तीचे वाटप सर्वांच्या हिताचे व्हावे, हे तिथे आहेच. फरक एवढाच की ही तत्त्वे कोर्टात मागता येत नाहीत. म्हणजे सरकारचे कर्तव्य लिहिले गेले, पण त्याचा जाब विचारण्याची जागा लिहिली गेली नाही. नागपूरचा ठराव नेमका या मोकळ्या जागेत येऊन पडला.

सरकारने जमिनीत हात घातला की काय होते, याचा अनुभव नागपूरकरांस आठ वर्षांपूर्वीच आला होता. भोसल्यांच्या राज्यात पाटील वसुली करीत. इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात या वसुली करणाऱ्यांसच गावाचे मालक ठरविले. हेच मालगुजार. शेजारच्या वऱ्हाडात मात्र रयतवारी. तिथला कास्तकार सारा थेट सरकारात भरी. एकाच विदर्भात वर्धा नदीच्या अलीकडे एक रीत आणि पलीकडे दुसरी. जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेने १९५० साली मालगुजारी आणि जमीनदारी रद्द करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ रोजी तो अमलात आला. बिहारचा असाच कायदा पाटणा हायकोर्टाने रद्द केला होता. नागपूर हायकोर्टाने मात्र मध्य प्रदेशचा कायदा उचलून धरला. चांदा जिल्ह्यातील अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, पण तोवर संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून कायद्यास कवच दिले होते. १९५२ साली निकाल सरकारच्या बाजूने लागला.

कुळास न्याय मिळाला, हे खरे. पण भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडे जाऊन पाहिले म्हणजे त्या न्यायाची दुसरी बाजू दिसते. तिकडे मामा तलाव आहेत. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. 'माजी मालगुजारी' याचा हा सरकारी कागदावरचा संक्षेप लोकांच्या तोंडी बसला. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले आणि पुढे मालगुजारांनी सांभाळलेले असे सहा हजारांहून अधिक तलाव पूर्व विदर्भात आहेत. धानाची शेती त्यांच्यावर चाले. उन्हाळ्यात मालगुजार गावास बोलावी, गाळ निघे, पाळ दुरुस्त होई. त्यात वेठही असे, ते लपविण्याचे कारण नाही. कायद्याने मालगुजार गेला, बहुतेक तलाव सरकारचे झाले, आणि गाळ काढण्यास कोणास बोलवावे हे कुठल्याच कलमात नव्हते. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे अशी पुढे वाटणी झाली. तोवर कित्येक तलाव उथळ होऊन गेले होते. जुलमी मालक काढून टाकणे कायद्याला साधते. त्याने केलेले काम कोण करणार, याची तजवीज पटवाऱ्याच्या दप्तरातून होत नाही.

आता पुन्हा अधिवेशनाकडे वळू. संयुक्त शेतीची कल्पना दिल्लीत कुठून आली, याचा एक धागा नागपूरचाच आहे. आय.सी.एस. सोडून गांधीमार्गास लागलेले आर. के. पाटील हे मध्य प्रांतात मंत्री होते, पहिल्या नियोजन मंडळाचे सभासद होते, आणि १९५६ साली चीनमधील सहकारी शेती पाहण्यास गेलेल्या शिष्टमंडळाचे नेते होते. चिनी शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र केल्या आणि उत्पन्न वाढले, असे शिष्टमंडळाच्या बहुसंख्य सभासदांस वाटले; भिन्न मत नोंदविणारेही त्यात होते. पाहुण्यास यजमान जे दाखवितो तेच दिसते, हा अनुभव लग्नसराईत आपणा सर्वांस येतोच! नागपूरचा ठराव होत होता त्याच सुमारास चीनमध्ये सहकारी संस्थांचे कम्यून झाले होते, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथे भयंकर दुष्काळ पडून कोट्यवधी माणसे मेली. ही गोष्ट जगास पुष्कळ उशिरा कळली.

अधिवेशनात ठरावास सर्वांत जोराचा विरोध उत्तर प्रदेशचे चरणसिंग यांनी केला. शेतकरी स्वतःच्या वावरात जेवढा जीव ओततो तेवढा सामाईक वावरात ओतणार नाही, हे त्यांचे साधे म्हणणे होते. त्याच वर्षी त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. राजाजी, रंगा आणि मिनू मसानी यांनी तर जून १९५९ मध्ये स्वतंत्र पक्षच काढला. एका ठरावाने एवढा मोठा विरोधी पक्ष जन्मास घातल्याचे उदाहरण आपल्याकडे विरळा. सक्ती होणार नाही, कायदा होणार नाही, सारे राजीखुशीने व्हायचे आहे, असे पंडितजी परोपरीने सांगत राहिले. लोकांचा विश्वास बसेना.

माझ्या मते दोन्ही पक्षांचे थोडे थोडे चुकले. पंडितजींचा हेतू शुद्ध होता. पण तीन वर्षांत लाखो खेड्यांत संस्था उभ्या करायच्या म्हणजे त्या सरकारी नोकरांनीच उभ्या करायच्या, आणि साहेबाच्या हुकुमाने जमलेल्या सभासदांस सहकार म्हणणे कठीण. विरोधकांचा युक्तिवाद शेतकऱ्याच्या मालकीहक्काभोवती फिरत राहिला. ज्याच्याकडे मालकी नव्हतीच, तो सालदार त्यांच्या भाषणांत क्वचितच आला. वर्षाच्या करारावर दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्या त्या गड्यास नागपूरच्या ठरावात वाटा होता. स्वतंत्र पक्षाकडे त्याच्यासाठी काय होते?

पुढे जे झाले ते थोडक्यात सांगता येते. निजलिंगप्पा यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली. तिसऱ्या योजनेत नमुन्याच्या सहकारी शेतीचे ३२० प्रकल्प ठरले. १९६४ साली पंडितजी गेले आणि संयुक्त शेतीचे नावही मागे पडले. महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ साली झाला, पुढे १९७५ पासून मर्यादा खाली येऊन कोरडवाहू जमिनीस ५४ एकर झाली. रोजगाराची हमी मात्र उलट दिशेने गेली : ती महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ च्या दुष्काळात सुरू केली, तिच्यासाठी १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसविला, १९७७ साली कायदा केला, आणि दिल्लीने ती उचलली २००५ साली. ज्यास जमीन नाही त्याची आठवण शेवटी एका राज्याला आधी झाली, आणि तिचा खर्च मुंबई-पुण्याच्या पगारपत्रकांतून निघाला.

नागपूरच्या ठरावातले जे कलम कोणास फारसे भांडण्याजोगे वाटले नाही, ते मात्र टिकले. सेवा सहकारी संस्था, म्हणजेच गावोगावची 'सोसायटी'. पेरणीच्या तोंडावर पीककर्ज घ्यायचे ते तिच्याकडून. पाऊस फसला, पऱ्हाटी वाळली, की थकते तेही तिचेच. मग पुढच्या पेरणीस सावकाराचे दार. ही थकबाकी वऱ्हाडात आत्महत्यांपर्यंत पोहोचली, तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि १ जुलै २००६ रोजी नागपुरात त्यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यातला मोठा हिस्सा अपुऱ्या राहिलेल्या पाटबंधाऱ्यांसाठी होता.

दोन वर्षांनी, २००८ च्या अर्थसंकल्पात, दिल्लीने साऱ्या देशासाठी कर्जमाफी केली. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्याचे थकलेले कर्ज पूर्ण माफ. त्याहून अधिक असेल तर चौथा हिस्सा, निवडक जिल्ह्यांत चौथा हिस्सा किंवा वीस हजार रुपये यांतले जे जास्त ते, आणि तेही बाकीची रक्कम भरल्यावर. दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. पाटाच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्याचे पाच एकर आणि यवतमाळच्या कोरडवाहू कास्तकाराचे आठ एकर, यांत गरीब कोण, हे दिल्लीच्या मोजपट्टीवर दिसले नाही. सावकाराकडचे कर्ज या हिशेबात धरलेच नव्हते. आणि सालदाराच्या नावे सातबारा नाही. म्हणून सोसायटीचे कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून माफीच्या यादीत त्याचे नावही नव्हते.