शेतीला सरकारी पाठबळ (रत्नागिरी जिल्हा)

शेतीतली जोखीम एकट्या शेतकऱ्याच्या माथी पडू नये म्हणून सरकारने कर्ज, अनुदान, संशोधन, विमा, हमीभाव या मार्गांनी केलेली मदत. पाऊस आणि बाजारभाव शेतकऱ्याच्या हातात नसतात, धान्य मात्र सगळ्यांनाच लागते, हे तिचे सर्वत्र सांगितले जाणारे कारण. रत्नागिरीत त्याला आणखी एक जोड आहे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही पाणी उतारावरून समुद्राला मिळते, जमिनीचे तुकडे गुंठ्यांत मोजावेत एवढे, आणि कर्ता माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला.

ब्रिटिश काळात 1883 व 1884 च्या कर्ज कायद्यांनी विहीर, बांध, बैल, बियाणे यांसाठी तगाईची, म्हणजे सरकारी शेतीकर्जाची, सोय झाली. पण इथली बहुतेक गावे खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोताच्या ताब्यातली. अर्धेल-तिर्धेल (पिकाचा अर्धा वा तिसरा हिस्सा) घालणाऱ्या कुळाने कर्ज काढून बांध घातला, तरी वाढीव पिकाचा वाटा खोताकडेच जायचा. म्हणून जमीन कसणाऱ्याच्या नावावर होणे, हीच इथली पहिली खरी मदत मानावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला 1949 उजाडले. पुढे कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरवून कुळांना मालकीची वाट मोकळी केली.

दापोलीत 18 मे 1972 रोजी कोकण कृषी विद्यापीठ सुरू झाले. शिरगावचे भाताचे वाण, भाट्याचे नारळ संशोधन, वेंगुर्ल्याची (1981 पर्यंत तेही याच जिल्ह्यात) काजूची कलमे आणि नीलम-हापूसच्या संकरातून आलेला, साका (गरातला दोष) न धरणारा ‘रत्ना’ आंबा ही या संशोधनाची फळे.

मात्र जिल्ह्याचे रूप पालटले ते 1990 च्या रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेने. हापूसचे कलम लावल्यावर उत्पन्न हाती यायला बरीच वर्षे जातात, आणि तोवर खड्डे, माती, खत, राखण हा खर्च चालूच. छोट्या शेतकऱ्याला तो झेपत नव्हता. दहा-दहा मीटरवर, हेक्टरी शंभर कलमे बसतील असे मीटरभर खोल खड्डे मारायची मजुरीही सरकारने दिली. अनुदान तीन वर्षांत, आणि पुढचा हप्ता झाडे जगली तरच. नाचणी-वरीच्या वरकस जमिनी, कातळाच्या कडाही आंबा-काजूखाली आल्या. 2018 पासून भाऊसाहेब फुंडकर योजनेने हाच धागा पुढे नेला. कोकणासाठी तिची मर्यादा दहा हेक्टर आहे.

बाग उभी राहिल्यानंतरचे पाठबळ मात्र तोकडे आहे. हमीभाव भाताला आहे, आंब्याला नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात अवकाळी पाऊस, तापमान, वारा मोजला जातो तो महसूल मंडळातल्या केंद्रावर. खाडीकाठची बाग आणि सड्यावरची बाग यांचे हवामान त्या एका आकड्यात मावत नाही. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-मंडणगडातल्या वाड्या झोपवल्या, तेव्हा मदत हेक्टरी मोजली गेली. चार गुंठ्यांत नारळ, सुपारी, जायफळ, मिरी एकत्र असलेल्या आगराला ते माप लागूच पडत नव्हते, म्हणून झाडागणिक भरपाईची मागणी झाली आणि पुढे नारळ-सुपारीसाठी तसे दरही ठरले. सर्वांत जुनी अडचण सातबाऱ्याची. एका उताऱ्यावर काका, आत्या, चुलत भावंडे अशी वीस-वीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत. योजनेच्या अर्जाला सगळ्यांची संमती जोडायची म्हटली की लागवडीचा पावसाळा निघून जातो. इथे आधी खातेफोड, म्हणजे सामाईक खात्याची वाटणी, सोपी आणि स्वस्त व्हायला हवी.