डॉ. कोटणीस : पडद्यावरचे आणि चीनमधले

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची ओळख आपल्यापैकी बहुतेकांस इतिहासाच्या ग्रंथातून झालेली नाही. ती चित्रपटामुळे झाली. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘राजकमल कलामंदिर’तर्फे ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि नायकाची भूमिका स्वतःच केली. पटकथा ख्वाजा अहमद अब्बास व व. प. साठे यांची आणि संगीत वसंत देसाई यांचे. चिनी पत्नीची भूमिका जयश्रीबाईंनी केली. परदेशी प्रेक्षकांसाठी त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. हा दिग्दर्शक आमच्या कोल्हापूरचा, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेला. तेव्हा या चित्रपटाने इतिहासाचे काय केले हे तपासण्याचा पहिला हक्क, आणि पहिली जबाबदारीही, आम्हां कोल्हापूरकरांची आहे.

पडद्यावरचे कोटणीस चीनमध्ये जातात, जखमी सैनिकांची शुश्रूषा करतात, जपान्यांच्या हाती सापडून निसटतात. पण त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वेगळीच दाखविली आहे. प्लेगसारखी भयंकर साथ येते, कोटणीस तिच्यावर उपाय शोधून काढतात, तोच रोग त्यांना जडतो आणि त्यात त्यांचा अंत होतो. म्हणजे चित्रपटातील कोटणीस हे प्रथम संशोधक आहेत, मग शस्त्रवैद्य.

चीनमधले कोटणीस असे नव्हते. १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेला हा तरुण मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या सेनानी चू-ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. निधी गोळा झाला आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले : अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. चीनमध्ये असतानाच कोटणिसांना वडील वारल्याची बातमी कळली. तरी ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. इतर एकेक करून मायदेशी आले, कोटणीस मात्र उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. १९४० च्या मोठ्या लढाईत त्यांनी अहोरात्र उभे राहून शेकडो जखमींवर उपचार केले. १९४१ साली डॉ. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी को चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिन्हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस वारले. प्लेगने नव्हे, अपस्माराच्या झटक्यांनी.

मग ही साथ आणि हा शोध कोठून आला? नाटकासाठी केलेली भर, एवढे म्हणून हात झटकता येतात. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. भर कोणती घातली, हेच पाहण्यासारखे असते.

शांतारामबापूंची घडण ज्या ‘प्रभात’मध्ये झाली, तिची स्थापना १९२९ साली येथेच, कोल्हापुरात झाली, १९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली. या मंडळींनी चरित्रपट म्हणून जो साचा घडविला तो संतपटाचा. १९३५ साली शांतारामबापूंनी एकनाथांवर ‘धर्मात्मा’ केला. पुढच्याच वर्षी दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ आला. संतपटाचा एक अलिखित नियम असतो. नायकाने संसार बाजूला ठेवायचा, परक्यांचे दुःख आपले मानायचे, लोकांचा छळ सोसायचा, आणि कोठेतरी चमत्कार घडायचा. चमत्काराशिवाय प्रेक्षक घरी जाईना! आता विसाव्या शतकातल्या डॉक्टरने कोणता चमत्कार करावा? इंद्रायणीतून वह्या वर येणार नाहीत. त्याने असाध्य रोगावर औषध काढावे, हाच काय तो उरला.

रोगासाठी प्लेगसारखी साथच निवडावी, यालाही कारण होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावोगाव पसरला. गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिलेली पिढी १९४६ च्या प्रेक्षकांत बसलेली होती. अशा रोगावर शोध लावून स्वतःच्या शरीरावर तो अजमावणारा माणूसही याच मुंबईत होऊन गेला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल येथे लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली तेव्हा ठपका त्यांच्यावर आला, आणि तो धुऊन निघण्यास १९०७ साल उजाडले. परळची प्रयोगशाळा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली ती १९२५ पासून. (कोटणीस शिकले ते महाविद्यालय याच परळात आहे.)

कोटणिसांपूर्वी त्याच आघाडीवर काम करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. रुग्णाची सेवा करताना लागलेले मरण प्रत्यक्षात त्यांचे. लेखकांनी जाणून केले असेल वा नसेल. पण हाफकिनांचा शोध आणि बेथ्यून यांचे मरण एकत्र आले म्हणजे जी आकृती तयार होते, तीच पडद्यावरच्या कोटणिसांची आहे.

युद्धकाळात कच्च्या फिल्मचे रेशनिंग होते आणि निर्मात्यांवर सरकारची नजर होती. जपानविरोधी कथेस सरकारचा आक्षेप असण्याचे कारण नव्हते आणि तीत काँग्रेसने पाठविलेला नायकही बसत होता. ही चतुराई आम्हांस आवडते.

खटकते ते दुसरे. अपस्मार म्हणजे फेफरे. आपल्याकडे हा रोग घरात लपविला जातो. सोयरीक जुळवताना त्याचा उच्चार होत नाही, कोठे कांदा हुंगवतात तर कोठे जोडा. असे मरण नायकाला देण्यास कोणता निर्माता धजला असता? म्हणून लाजेचा रोग काढून मानाचा रोग घातला गेला. झटके येऊ लागल्यानंतरही हा माणूस शस्त्रक्रियेच्या मेजापाशी आणि वर्गात उभा राहत होता, ही गोष्ट त्या अदलाबदलीत प्रेक्षकांपासून हिरावली गेली. फेफऱ्याने ग्रासलेल्या एखाद्या मुलाला तिचा किती आधार वाटला असता!

चित्रपटाचे ऋण मात्र नाकारता येत नाही. पथकातील इतर चौघांची नावे आज किती जणांस सांगता येतील? अटल, चोळकर, बसू, मुखर्जी यांच्यावर कोणी चित्रपट काढला नाही. कोटणिसांवर चीननेही १९८२ साली चित्रपट काढला. मुलगा यिन्हुआ वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच १९६७ साली वारला. को चिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या. भारतात त्या अनेकदा येऊन गेल्या.

संशोधकाच्या जवळ जाणारे एक काम मात्र कोटणिसांनी खरोखरच हाती घेतले होते, आणि ते पडद्यावरच्या साथीपेक्षा फार निराळे आहे. आघाडीवर पुस्तके नव्हती आणि शिकणारी मुले शेतकऱ्यांची होती. कोटणीस चिनी बोलण्यास व लिहिण्यास शिकले, चिनीतूनच शिकवू लागले, आणि शस्त्रवैद्यकाचे पाठ्यपुस्तक त्याच भाषेत लिहू लागले. डिसेंबर १९४२ मध्ये ते लिखाण अपुरे राहिले.